दिगूचा डिफरन्शियल

“आता डावं चाक फिरवा,” कीर्तने म्हणाले.

फियाटचा मागचा भाग जॅकवर उचललेला होता आणि दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर लोंबत होती. गाडी न्यूट्रलला आहे ना, हे मी पुन्हा एकदा पाहून घेतलं, डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि दोन्ही हातांनी ते पुढं ओढलं. चाक जड गेलं. पलीकडं कीर्तने आपली पांढरी पॅन्ट सांभाळत उजव्या चाकावर वाकले होते.

“तुमच्याकडचं कुठं फिरलं?” मी विचारलं.

“पुढंच! तुमच्याबरोबर पुढं.” ते ताडकन उभे राहिले. “आहे हो चौगुले, आत एलएसडी आहे! मला वाटलं होतं, लोक उगाच सांगतात.”

साध्या गाडीचं एक चाक असं हवेत फिरवलं तर दुसरं उलट्या बाजूला फिरतं. अशा गाडीचं एक चाक चिखलात सापडलं की सगळी ताकद तेच खातं, गरगर फिरत बसतं आणि कोरड्यावरचं दुसरं चाक नुसतं बघत राहतं. दोन चाकांच्या मधल्या डब्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, चकत्या घालून त्यांना एकमेकांशी बांधून ठेवलं की एकट्या चाकाला असं उधळता येत नाही. त्यालाच एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांना तो परदेशातून मागवून बसवत. या फियाटमधला मात्र कोल्हापुरातच बनवलेला होता, आणि बनवणारा माझा मित्र दिगंबर सुतार मार्गशीर्षात जॅकवर चढवलेली ही गाडी बघायला राहिला नव्हता. दसरा झाल्यावर त्याला कावीळ झाली, ती डोक्यात गेली, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

उद्यमनगरातला हा कारखाना दिगूच्या वडिलांचा, बळवंतमामांचा. साखर कारखान्यांचे मोठमोठे गिअर कापायचं त्यांचं काम. पण मामांचं खरं नाव होतं ते पोलादाला पाणी देण्यात. लोखंड तापवून नेमक्या रंगाला तेलात बुडवायचं, की ते असं कडक होतं की त्याच्यावर कानस चालू नये, आणि तरी ठिसूळ होत नाही. सांगली-इचलकरंजीहून लोक त्यांच्याकडं फक्त पाणी देऊन घ्यायला येत.

कीर्तने पुण्याचे. जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवायचा त्यांना नाद. मी वाहनांचा सर्व्हेअर, गाड्यांची किंमत ठरवणं हाच माझा धंदा, आणि दिगूच्या शेजारी बसून मी चार-दोन शर्यतींत त्याला रस्ता वाचून दाखवलेला. म्हणून मामांनी मला बोलावलं होतं आणि कीर्तन्यांनाही माझा शब्द चालणार होता.

“गाडी मी घेतो,” कीर्तने हात पुसत म्हणाले. “प्रश्न फक्त या डब्याचा. बाहेरचा असता तर किंमत ठरलेली होती. हा घरी केलेला. म्हणजे एक तर हिरा, नाही तर दगड. काय धरायचं?”

मी काही बोलायच्या आत भट्टीच्या दारातून आवाज आला. मामा तिथं एका पालथ्या डब्यावर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं मान जरा तिरकी करून बघायची सवय लागलेली.

“हाय म्हणून काय उपयोग?” ते म्हणाले. “काम करतोय का ते बघा. विलास, गाडी चालवून बघ.”

“मामा, चाक फिरवलं तेव्हा धरलं की त्यानं.”

“हवेत कुणीबी धरंल. चिखलात घालून बघ.”

कीर्तन्यांना दुपारी पन्हाळ्याला कुणाकडं तरी जायचं होतं. “तुम्ही बघून ठेवा, मी रविवारी पुन्हा येतो. चौगुले सांगतील ते मला मान्य,” असं म्हणून ते गेले. मी जॅक उतरवला. मामा उठले, चाचपडत गाडीचं डावं दार उघडलं आणि आत बसले.

मी बघतच राहिलो. दिगू असताना मामा या गाडीत कधी बसले नव्हते.

दोघांचं बिनसलं होतं ते या गाडीवरूनच. दिगूचा हात बापासारखाच चालायचा, पण मन सगळं या फियाटमध्ये. कारखान्याचं काम बाजूला ठेवून तो लेथवर गाडीचे भाग कातत बसायचा. एकदा एका साखर कारखान्याचा गिअर वेळेत गेला नाही, तेव्हा मामांनी सगळ्या कामगारांसमोर गाडीला लाथ घातली आणि म्हणाले, “ह्या भंगारापायी तू बी भंगार झालास.” दिगूनं त्याच संध्याकाळी गाडी काढली आणि गोकुळ शिरगावला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये खोली घेऊन राहिला. दोन वर्षं. पुढं दवाखान्यात मामा त्याच्या उशाशी बसून होते, पण तेव्हा दिगू कुणाला ओळखत नव्हता. मित्रानं नंतर गाडी आणून कारखान्याच्या अंगणात लावली आणि वर ताडपत्री टाकली.

दिगूच्या आईनं, मामींनी, मला आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं, “रोज सकाळी उठून त्या गाडीपाशी जाऊन हुबं ऱ्हात्यात. आत बसत न्हाईत, काय न्हाई. ताडपत्रीवर हात ठेवून नुसतं हुबं. ती एकदा दारातनं गेली म्हणजे बरं, विलास.”

वडणगेच्या वाटेला उसाच्या शेतांमधून एक गाडीवाट जायची. पाटाचं पाणी फुटून तिच्या एका कडेला कायम राड असायची आणि दुसऱ्या कडेला घट्ट मुरूम. दिगू आणि मी पूर्वी तिथंच गाडी घालून बघायचो. ऊसतोड चालू होती. हवेत गुऱ्हाळाचा वास भरलेला. शेताशी वळताना मामा म्हणाले,

“विलास, खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काय बोलायचं न्हाई.”

“नाही बोलणार.”

“त्यो चांगला निघाला तर मी चुकलो. वाईट निघाला तर पोरगं चुकलं.” त्यांनी मान तिरकी करून समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. “दोन्हीतलं कायबी निघालं तरी मला सुख न्हाई. पर कळू तरी दे.”

मी डावी चाकं राडीत घातली आणि गाडी थांबवली. पहिला गिअर टाकून हळूहळू क्लच सोडला. डावं चाक किंचित घसरलं, आणि लगेच मागून काहीतरी आवळल्यासारखं झालं. उजव्या चाकानं मुरूम धरला. जुनी फियाट मागचं अंग दाबून बसली आणि चिखलातून सरळ वर आली.

मी मामांकडं वळलो. “मामा, बघितलंत?”

“परत,” मामा म्हणाले.

पुन्हा घातली, पुन्हा वर आली. मामांनी दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आनंद नव्हता तो. लेथवर कान देऊन ऐकताना माणसाचा जसा होतो, तसा चेहरा.

“परत,” ते म्हणाले.

मी घालत राहिलो, काढत राहिलो. आणि मग एकदा क्लच सोडला तेव्हा मागून कर्रकन आवाज आला, आवळलेलं काहीतरी सुटलं आणि डावं चाक एकटंच गरगर फिरायला लागलं. चिखल उडून खिडकीवर आपटला. गाडी जागची हलेना. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला. तेच. एक चाक पिसाळलेलं आणि एक मेलेलं.

“गरम झाला,” मी म्हणालो. “गरम झाल्यावर सोडतोय.”



शेवटी ऊस तोडणाऱ्या दोन गड्यांनी ढकलून आम्हाला वर काढलं. परत येताना मी म्हणालो, “मामा, घरी केलेल्या डब्यात एवढं चालायचंच. थंड असताना तर उत्तम धरत होता.”

“शर्यतीत गाडी थंड असतीया का?”

मी गाडी कारखान्याच्या अंगणात घेतली.

“उघड त्यो,” मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुन्हा उचलली, आस ओढले आणि डबा खाली काढून बाकावर ठेवला. कामगार आपापल्या मशीनवर होते; मामांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. तेल काढून मी एकेक भाग सोडवून त्यांच्यापुढं मांडत गेलो, आणि ते एकेक उचलून बोटांनी बघत गेले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटांना दिसत होतं.

गिअर हातात घेऊन त्यांनी दात न् दात अंगठ्यानं चाचपला. मग दुसरा. मग मधली आडवी पीन, तिच्या भोकात घालून, काढून, पुन्हा घालून. ती अशी बसत होती की सोडल्यावर हवेवर तरंगल्यासारखी सावकाश खाली उतरायची.

“ह्ये त्यानंच केलंय?” त्यांनी विचारलं.

“त्यानंच. गोकुळ शिरगावच्या लेथवर.”

“त्यो लेथ झिजल्याला हाय. मला ठाऊक हाय त्यो लेथ.” त्यांनी पीन पुन्हा भोकात सोडली. “त्याच्यावर ह्ये मला जमलं नसतं.”

मी मान खाली घालून काम करत राहिलो. शेवटी चकत्या निघाल्या. पातळ, वाटोळ्या, बशीएवढ्या. एकमेकींना घासून त्यांचे पृष्ठभाग ओरबाडले गेले होते, कडांवर पोलाद सोललं होतं. मी फडक्यानं पुसून एक मामांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटानं वाजवली. आवाज बद्द आला. मग बाकावरची कानस घेतली आणि चकतीच्या कडेवरून एकदाच फिरवली.

कानस कर्र करून आत रुतली. चकतीचा भुगा मामांच्या पायजम्यावर पडला.

मला तेव्हा कळलं काय झालंय ते, आणि बोलून गेलो. “पाणी नाही, मामा. बाकी सगळं सोन्यासारखं केलंय, आणि चकत्यांना पाणीच दिलेलं नाही. मऊ आहेत. म्हणून गरम झाल्यावर खाल्ल्या एकमेकींना. एवढं करणारा माणूस हेच कसं विसरला?”

“विसरला न्हाई त्यो.”

मामांनी कानस खाली ठेवली. चकती मात्र हातातच होती.

“श्रावणात आला व्हता,” ते म्हणाले. “दुपारचा. गडी जेवायला गेलं व्हतं, मी एकलाच. ह्या चकत्या फडक्यात बांधून आणल्याल्या. आत न्हाई आला. भट्टीच्या उंबऱ्याभाईरच हुबा ऱ्हायला. म्हणला, आप्पा, बाकी समदं जमलंय. ह्येला पानी तेवढं तुमच्या हातचं पायजे.”

पलीकडच्या लेथचा आवाज येत होता.

“मी काय म्हणलो ठाऊक हाय?” मामा माझ्याकडं बघत नव्हते. “भंगाराला मी पानी देत न्हाई म्हणलो. भट्टी पेटल्याली व्हती, विलास. मिरजेच्या एकाचं काम चाललं व्हतं. आत चांगलं लालभडक व्हतं. नुसतं हात फुडं करायचा व्हता मला.”

“मग?”

“मग काय. थांबला जरा. मला वाटलं भांडंल. भांडला असता तर बरं झालं असतं. फडकं परत बांधलं, बरं म्हणला आन गेला.” त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. “दुसऱ्या कुणाकडं जायचं की मग. गावात काय मी एकटाच हाय? पर न्हाई गेला. तसंच बसवलं.”

मागं काहीतरी वाजलं. मी वळून बघितलं. मामी दारात उभ्या होत्या. हातातल्या ताटलीत चहाचे दोन कप.

“कोण आलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

मामांनी मान वर केली नाही.

“अवो, मी इचारत्ये. कोण आलं व्हतं श्रावणात?”

“दिगू,” मामा म्हणाले.

मामींनी ताटली सावकाश बाकाच्या कोपऱ्यावर ठेवली. चहा कपाबाहेर सांडला होता. “मी कुठं व्हते?”

“कागलला. तुझ्या भनीकडं.”

“मला का सांगितलं न्हाई?”

“तोंड न्हवतं मला.”

“माझं इचारलं का त्यानं?”

“इचारलं. आई कुठं हाय म्हणला.”

मामींनी डोळे मिटले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण मी त्या दोघांच्या बरोबर मध्ये सापडलो होतो. दोन वर्षं या बाईनं पोरगं दाराकडं फिरकलं नाही असं समजून काढली होती. दिवसकार्याच्या वेळीही कुणापाशी तरी म्हणाल्या होत्या, लई मानी व्हता माझा ल्योक, एकदा सुदिक आला न्हाई.

“श्रावणातलं दुपारचं ऊन,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. “सायकलवरनं आला आसंल. त्याला प्यायला तरी पानी दिलं का तुमी?”

मामांनी मान हलवली. नाही.

मामी वळल्या आणि घरात गेल्या. आतून काही आवाज आला नाही, रडण्याचाही नाही. आम्ही दोघं बाकापाशी तसेच. चहावर साय धरली. एक कामगार काहीतरी विचारायला आला आणि मामांचा चेहरा बघून तसाच परत गेला.

बऱ्याच वेळानं मामी पुन्हा आल्या. पदर कमरेला खोचलेला. तोंडावर पाणी मारून आल्या होत्या, कपाळाशी केस ओले होते.

“भट्टी पेटवा,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“भट्टी पेटवा म्हणत्ये. पोरगं जे मागायला आलं व्हतं ते द्या त्याला.”

“आता काय उपयोग त्याचा?” मामांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आता कुणाला देऊ?”

“उपयोग मी इचारला न्हाई. पेटवा.”

मामा उठले. आधी त्यांनी माझ्याकडून सगळ्या चकत्या काचेवर घासून सपाट करून घेतल्या. ओरबाडे निघेपर्यंत सोडलं नाही. झीज भरून काढायला एक पातळ पत्र्याची कडी स्वतः कापली. मग भट्टीत कोळसा भरला आणि ब्लोअर सुरू केला. पोलादाचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून खोलीच्या दोन्ही खिडक्या आणि दार लावून घ्यायला सांगितलं. भरदुपारी आत अंधार झाला. मी चिमट्यानं पहिली चकती निखाऱ्यांत सरकवली.

मामा वाकून बघत होते. मान डावीकडं, मग उजवीकडं. मग ते सरळ झाले.

“मला दिसत न्हाई,” ते म्हणाले. “रंग दिसत न्हाई मला. समदं धुरकट लाल दिसतंय.”

रंगावरच सगळा खेळ होता. कमी तापलं तर मऊ राहणार, जास्त तापलं तर काचेसारखं फुटणार. मी गाड्या बघणारा माणूस. पोलादाचा रंग ओळखायची माझी छाती नव्हती. मी तसं म्हणालो.

“व्हा बाजूला,” मामी म्हणाल्या आणि भट्टीपाशी आल्या. “लगीन होऊन आल्यापासनं बघत्ये हे. मी सांगते. तुमी बुडवा.”

त्या भट्टीच्या तोंडाशी बसल्या. मामांनी चिमटा हातात घेतला.

“सांग,” मामा म्हणाले.

“अजून काळंच हाय.” ब्लोअर घुमत होता. “आता जांभळावानी झालंय.”

“सगळीकडनं?”

“कडंला जरा कमी. फिरवा. हां. आता कुंकू.”

“घाई करू नगंस.”

“न्हाई करत. थांबा. कुंकूच हाय. थांबा. आता डाळिंब. दाण्यावानी. काढा!”

मामांनी चकती काढली आणि तेलात सोडली. फस्सकन धूर उठला. बाहेर काढल्याबरोबर मी ती दोन जाड पोलादी पाटांमध्ये दाबून धरली, वाकडी होऊ नये म्हणून. मामांनी कानस घेतली. कानस चकतीवरून काचेवरून फिरावी तशी सुळकन निसटली. टोचलीसुद्धा नाही.

मामी पुढच्या चकतीकडं वळल्या. एकेक करत त्यांनी सगळ्यांचे रंग सांगितले, आणि मामांनी सगळ्या बुडवल्या. मग मंद आचेवर पुन्हा धरून त्यांचा ठिसूळपणा काढला. दोघं एकमेकांशी फक्त रंगांविषयी बोलत होती. एकदा मात्र मामींचा आवाज मध्येच बंद पडला. चकती कुंकवाच्या पुढं गेली होती आणि त्या निखाऱ्यांकडं नुसत्या बघत होत्या. “अगं ए,” मामा हळूच म्हणाले. “हं. काढा,” त्या म्हणाल्या. ती चकतीही चांगली उतरली.

डबा जोडून, नवीन तेल भरून गाडी पुन्हा चाकांवर उभी केली. रविवार उजाडला. कीर्तने यायच्या आधी मामांना ती बघून घ्यायची होती. आम्ही वडणगेच्या वाटेवर गेलो आणि त्याच राडीत मी गाडी घातली. वर आली. पुन्हा घातली. मामा प्रत्येक वेळी “परत” म्हणत होते, पण आता त्यांचा आवाज दर वेळी आणखी खाली जात होता. डबा तापला. तेल जळल्यासारखा वास यायला लागला, तरी मी थांबलो नाही. मागचं अंग दर वेळी तसंच आवळायचं आणि दोन्ही चाकं एकदम, जोडीनं, जमीन धरायची. शेवटी मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी इंजिन बंद केलं.

“सांग,” ते म्हणाले.

“मामा, मी बाहेरून आणलेलेही बघितलेत. याच्याइतका चांगला बघितला नाही. खरं सांगतोय.”

त्यांनी माझ्या हातावरचा हात काढला. मग म्हणाले, “चल घरी.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. गाडी त्याच दिवशी दुपारी कीर्तन्यांनी नेली. डब्याचे वेगळे किती धरायचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, गाडीचं काय ते द्या, त्यो डबा मी इकत न्हाई, त्यो तिच्यासंगं जाऊ दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं झालं, नजर चांगली आली, पण मामांनी त्यानंतर कुणाच्याही पोलादाला पाणी दिलं नाही. लोक येत, विनवत आणि परत जात. हे सगळं नंतरचं. पण मला जे कायम दिसत राहिलं ते त्या सकाळचं, वडणगेहून आम्ही परत आलो तेव्हाचं.

मी गाडी अंगणात घेतली. रविवार असूनही एका तातडीच्या कामासाठी दोन लेथ चालू होते आणि त्यांचा आवाज बाहेर येत होता. मामा दार उघडून उतरले, गाडीच्या मागं गेले, गुडघ्यावर बसले आणि खाली हात घालून त्यांनी डब्याला तळवा लावला. चटका बसला असणार. त्यांनी हात मागं घेतला नाही. मग उठले, पायजम्याला हात पुसले. त्यांच्या तोंडावर असं काहीतरी उमटलं होतं की क्षणभर मला ते तरुण दिसले. ते लेथच्या खोलीकडं वळले आणि मशीनच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून माणूस ओरडतो, तसे मोठ्यानं ओरडले,

“दिगू! ए दिगू! हिकडं ये लेका, बघ की! धरलं बघ!”

आत कुणीतरी लेथ बंद केला. मग दुसराही बंद झाला. अंगणात एकदम शांतता पसरली. खोलीच्या दारात कामगार येऊन उभे राहिले, पण कुणाला पुढं यायचं धाडस होईना. मामा तसेच उभे, बोलावणारा हात अजून वर धरलेला. तो खाली कसा घ्यायचा हेच त्यांना समजत नव्हतं.

घराच्या पायरीवर मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“आले,” त्या म्हणाल्या. पदर सावरून भराभर पायऱ्या उतरल्या, मामांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि गाडीखाली वाकून बघायला लागल्या. “कुठं?” त्यांनी विचारलं. “दाखवा बघू मला. कुठं धरलंय?”